सभासदाचे नाव आणि संस्थेची साक्ष

बंगळूर शहराच्या आग्नेय अंगास, होसूरकडे जाणारा रस्ता आणि सर्जापूरकडे जाणारा रस्ता यांच्या मधल्या भूभागावर एचएसआर लेआउट नावाची मोठी वसाहत आहे. होसूर, सर्जापूर आणि रोड या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले. बंगळूर विकास प्राधिकरणाने तिचे सेक्टर आखले, ते मुख्यतः राहत्या घरांसाठी. एका कडेला आगरा तलाव, आत रेघा ओढल्यासारखे सरळ रस्ते आणि त्यांच्या कडेला बेताची घरे, असा तो बेत होता. आज त्याच घरांच्या मजल्यांवर आणि २७ व्या मेन रस्त्याच्या दुतर्फा कितीतरी नवउद्योगांनी आपल्या कचेऱ्या थाटलेल्या आहेत. देशाच्या सर्व प्रांतांतून आलेले तरुण संगणकतज्ज्ञ तेथे काम करतात. त्यांत पुण्याकडचे आहेत, तसे नागपूर-कोल्हापूरकडचेही आहेत.

या तरुणांना एकत्र जमण्याची हौस नाही, असे मुळीच नव्हे. सायंकाळी किंवा शनिवारी एखाद्या कचेरीच्या गच्चीवर, एखाद्या कॉफीगृहाच्या माडीवर त्यांचे मेळावे भरतात. कोणी नव्या संगणकभाषेविषयी बोलतो, कोणी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या प्रयोगाची हकीकत सांगतो, आणि नंतर चर्चा रंगते. मेळाव्याची वर्दी आदल्या दिवशी मोबाईलवर येते. वर्गणी नाही, पोचपावती नाही, इतिवृत्त नाही. मंडळी पांगली की तो मेळावाही संपतो.

आता याच व्यवसायाची एक रीतसर संस्था या देशात फार पूर्वीपासून आहे. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ साली स्थापन झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हे संगणकयंत्र उभारणाऱ्या गटाचे प्रमुख प्राध्यापक आर. नरसिंहन हे तिचे पहिले अध्यक्ष. त्या काळी देशात संगणकयंत्रे अगदीच मोजकी होती आणि ती चालविणारी माणसेही थोडकीच. तरीही त्या थोडक्या माणसांना आपली संस्था असावीशी वाटली. आज ही माणसे लाखांनी मोजावी लागतात. आणि त्यांतील अनेकांच्या मनात आपण कोणत्याही व्यवसायसंस्थेचे सभासद व्हावे हा विचार डोकावतही नाही. हा प्रश्न एका संस्थेचा किंवा एका धंद्याचा नाही. डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, हिशेबतपासनीस, वकील, ग्रंथपाल या सर्वांच्या संस्थांपुढे तो कमीअधिक प्रमाणात उभा आहे.

अशा संस्था निर्माण कशा झाल्या हे पाहिले म्हणजे त्यांची आजची अडचण उलगडते. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात वास्तुशास्त्र शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ साली एक मंडळ काढले. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट हे त्याच्या पहिल्या अध्यक्षपदी होते. तेच मंडळ वाढत वाढत पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाले. एकाच विद्येच्या माणसांनी ओळखी ठेवाव्यात, नवे काय चालले आहे ते एकमेकांस सांगावे, एवढ्याच हेतूने अशा बहुतेक संस्थांचा आरंभ होतो. सोलापूर किंवा नांदेड येथे एकट्याने व्यवसाय करणाऱ्या अभियंत्याला टपालाने येणारे संस्थेचे नियतकालिक हीच बाहेरच्या जगाची खिडकी होती. वार्षिक अधिवेशनात चार दिवस व्यवसायबंधूंचा सहवास लाभे. सभासदांची छापील सूची जपून ठेवली जाई, कारण परगावच्या तज्ज्ञाचा पत्ता दुसरीकडे कोठे मिळणार? ग्रंथालय, व्याख्यान, नोकरीची जाहिरात, ज्येष्ठांशी परिचय या सर्वांचे मोल वर्गणीत भरले जात असे आणि ते कोणाला जड वाटत नसे.

यांतील एकूण एक गोष्ट आता मोबाईलच्या पडद्यावर मिळते, आणि बहुधा फुकट मिळते. तेव्हा जी संस्था आजवर माहिती पुरवीत होती, तिचा ग्राहक गेला, हे उघड आहे. पुष्कळ संस्थांनी यावर काढलेला उपाय मात्र मोठा मौजेचा आहे. संकेतस्थळ उघडावयाचे, त्यावर अध्यक्षांचे छायाचित्र आणि मनोगत टाकावयाचे, व्हॉट्सॲपवर गट काढावयाचा आणि व्याख्यानमाला दूरस्थ पद्धतीने चालवावयाची. म्हणजे ज्या बाजारात माल फुकट वाटला जात आहे, तेथेच आपलेही दुकान मांडावयाचे. व्याख्यान ऐकावयाचे झाल्यास जगातील उत्तमोत्तम वक्ते एका बोटावर हजर असताना तालुक्याच्या शाखेचे व्याख्यान कोण ऐकणार? सक्तीच्या व्यवसायशिक्षणाचे तास भरण्यासाठी पडदा चालू ठेवून शेजारच्या खोलीत रुग्ण तपासणारे सभासद या व्याख्यानांना लाभतात खरे. परंतु त्यांना श्रोते म्हणणे कठीण आहे.

संस्थेपाशी असे काय आहे, जे गर्दीपाशी नाही, हा विचार आधी व्हावयास हवा. गर्दीला आवाज असतो, ज्ञानही असते. पण ती कोणाबद्दल साक्ष देऊ शकत नाही. अमुक माणूस अमुक विद्येत पारंगत आहे, त्याने तमुक नियम पाळण्याचे वचन दिले आहे आणि ते मोडल्यास त्याला जाब विचारण्यात येईल, असे सांगण्याचा अधिकार ज्या ठिकाणी सभासदांचा पट आहे तेथेच संभवतो. डिजिटल युगात या साक्षीची किंमत उतरलेली नाही. उलट ती वाढली आहे, कारण खोटा शिक्का, खोटी सही आणि खोटे प्रमाणपत्र तयार करणे आता अत्यंत सोपे झाले आहे.

सनदी लेखापालांच्या संस्थेने ही गोष्ट ओळखली. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था १९४९ च्या कायद्याने अस्तित्वात आली. तिच्या सभासदाच्या सहीला बँकेत, आयकर खात्यात, परदेशी वकिलातीत वजन असते. आणि ज्या सहीला वजन, तिची नक्कल होणारच. लेखापाल नसलेली माणसे लेखापालांच्या नावे प्रमाणपत्रे देत, त्यांवर कर्जे उचलली जात, आणि कर्ज बुडाल्यावर चौकशीचा फेरा त्या अनभिज्ञ सभासदाच्या दारी येई. यावर संस्थेने युडिन या नावाने ओळखली जाणारी योजना काढली. प्रत्येक प्रमाणपत्रासाठी सभासदाने संस्थेच्या यंत्रणेतून १८ स्थानांचा एक क्रमांक घ्यावयाचा. त्यातील पहिली दोन स्थाने वर्षाची, पुढची सहा सभासदाच्या नोंदणी क्रमांकाची, आणि उरलेली दहा यंत्राने सोडतीसारखी काढलेली. हा क्रमांक कागदावर लिहिला की बँकेतील कारकुनालाही तो संस्थेच्या संकेतस्थळावर घालून कागद खरा की खोटा याचा पडताळा घेता येतो. त्यासाठी शुल्क नाही, सभासदत्व नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रमाणपत्रांसाठी, १ एप्रिल २०१९ पासून वस्तू व सेवा कराच्या आणि आयकराच्या लेखापरीक्षण अहवालांसाठी, आणि १ जुलै २०१९ पासून उरलेल्या सर्व लेखापरीक्षणांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला. कंपनी सचिवांच्या संस्थेनेही त्याच वर्षी हीच वाट धरली.

ही योजना यंत्राच्या दृष्टीने फारशी अवघड नाही. एखादा हुशार महाविद्यालयीन विद्यार्थीही अशी क्रमांक देणारी यंत्रणा बसवू शकेल. परंतु त्याने दिलेल्या क्रमांकावर कोणतीही बँक विश्वास ठेवणार नाही. क्रमांकाच्या मागे सभासदांचा अद्ययावत पट आहे. ज्याचे नाव पटावरून कमी झाले त्याला नवा क्रमांक मिळत नाही. आणि चुकीचे प्रमाणपत्र देणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. या तीन गोष्टी सत्तर वर्षांच्या कारभारातून आलेल्या आहेत. संगणकाने त्या केवळ सामान्य माणसाच्या हाताशी आणून ठेवल्या. २०२४ साली सुरू झालेली डॉक्टरांची राष्ट्रीय नोंदवही याच दिशेचे पाऊल आहे. मात्र ती सरकारी आयोगाची नोंदवही असून डॉक्टरांच्या संघटनेची नव्हे, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

येथे अशी शंका निघेल की कायद्याने अधिकार दिलेल्या संस्थेला हे साधेल. ज्या संस्थेत स्वेच्छेने यावयाचे, तिने काय करावे? वास्तुविशारदांचेच पाहा. १९७२ च्या कायद्याने नोंदणीचा अधिकार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे गेला. मुंबईची जुनी संस्था स्वेच्छेच्या सभासदत्वावर चालत राहिली. अशा संस्थेची साक्ष निराळ्या प्रकारची असते. कायदा किमान पात्रता सांगतो; संस्था त्याहून अधिक काही सांगू शकते. अमुक सभासदाने जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम केले आहे, अमक्याने भूकंपरोधक बांधणीचे शिक्षण घेतले आहे, अशी तपासून घेतलेली आणि लोकांना पाहता येणारी नोंद ठेवणे कोणत्याही संस्थेच्या आवाक्यात आहे. घर बांधू पाहणाऱ्या माणसाला जाहिरातींच्या पुरात नेमके हेच मिळत नाही.

महाराष्ट्राला या विचाराची ओळख नवी नाही. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली निघाली, तेव्हा तिच्या सभासदाला किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. ती व्यवसायसंस्था नव्हती, राजकीय सभा होती. पण सभासद म्हणजे नुसता वर्गणीदार नव्हे, त्याच्या नावामागे पडताळून पाहता येईल असा आधार हवा, हे तिच्या चालकांनी जाणले होते. सरकारदरबारी तिच्या अर्जांना जे वजन आले त्याचे एक कारण ही मुखत्यारपत्रे होत.

पटाचे महत्त्व मान्य केले की त्याच्या जपणुकीचा प्रश्न येतो, आणि तेथे बहुतेक संस्थांची स्थिती कष्टाची आहे. पट एका कपाटातील वहीत असतो, त्याची एक प्रत माजी चिटणिसांच्या संगणकावर असते, दुसरी खजिनदारांच्या मोबाईलमध्ये, आणि तिन्हींत मेळ नसतो. दिवंगत सभासदांना वर्षानुवर्षे सभेची सूचना जात राहते. संस्थेचा ईमेल एखाद्या कार्यकर्त्याच्या खाजगी नावावर, संकेतस्थळाचे नाव दुसऱ्याच्या पैशाने घेतलेले, आणि व्हॉट्सॲपच्या गटाची सूत्रे तिसऱ्याच्या हाती. निवडणुकीत पक्ष बदलला की जुने पदाधिकारी रुसून बसतात आणि नव्यांना किल्ल्याच मिळत नाहीत. पूर्वी दप्तराचा ताबा देताना यादी करून सह्या घेत. ती पद्धत कंटाळवाणी होती, पण शहाणपणाची होती. परवलीचे शब्द, संकेतस्थळाचे नाव, बँकेच्या यंत्रणेतील अधिकार यांचीही तशीच यादी व्हावी आणि ती सर्व संस्थेच्या नावे असावीत. यासाठी खर्च जवळजवळ नाही. महाराष्ट्रात पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. त्याच दिवशी हाही ताबा दिला-घेतला तर पुढची अनेक भांडणे टळतील.

या पटावर आता कायद्याचीही नजर आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. सभासदाचा दूरध्वनी, जन्मदिनांक, घरचा पत्ता ही माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, असा त्याचा सामान्य आशय आहे. सभासदांची सूची औषध कंपन्यांना किंवा विमा विकणाऱ्यांना सहज देऊन अधिवेशनाचा खर्च भागविण्याची जी रीत काही ठिकाणी पडली आहे, ती आता चालणार नाही. छापील सूचीचा जुना जिव्हाळा वेगळा होता. तेव्हा ती सभासदांच्याच घरी राही; आज एका प्रतीच्या हजार प्रती एका क्षणात होतात. म्हणून सभासदाची पात्रता आणि व्यवसायाचे ठिकाण सर्वांना दिसावे, आणि घरचा तपशील कोणालाही दिसू नये, अशी पटाची दोन अंगे करणे इष्ट होय.

घटनांची गोष्ट तर याहून गमतीची आहे. पुष्कळ संस्थांच्या घटनेत सभेची सूचना टपालाच्या दाखल्याने पाठवावी असे कलम आहे. टपाल खात्याने ती सोय २०११ सालीच बंद केली. काही घटनांत तातडीच्या प्रसंगी तार करावी असे म्हटले आहे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये संपली. रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवाही १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. म्हणजे घटनेबरहुकूम सूचना देणे हे आज कित्येक संस्थांना अशक्यच आहे, आणि पराभूत उमेदवाराने न्यायालयात हा मुद्दा काढला तर त्याला उत्तर देणे जड जाईल. २०२० च्या साथीत कंपन्यांना वार्षिक सभा दूरस्थ पद्धतीने घेण्याची मुभा केंद्र सरकारने दिली; तेव्हा अनेक संस्थांनी आपल्याही सभा तशाच उरकल्या, पण घटनेत तशी तरतूद करून घेण्याचे मात्र राहून गेले. ही दुरुस्ती शांततेच्या काळात करावी. वाद उपस्थित झाल्यावर तिच्यासाठी बहुमतही जमत नाही.

मतदानाच्या बाबतीत घाई न केलेली बरी. टपाली मतदानात दुहेरी पाकिटाची युक्ती असते. बाहेरच्या पाकिटावर सभासदाची सही, आतल्यावर काहीच नाही. सही तपासून बाहेरचे पाकीट बाजूला केले की मत कोणाचे हे कोणालाही कळत नाही. मतदार खरा आहे याची खात्री हवी आणि त्याचे मत मात्र गुप्त हवे, या दोन परस्परविरुद्ध गरजा त्या साध्या कागदाने भागविल्या. संगणकावरील मतदानात ही दोन पाकिटे एकाच यंत्राच्या पोटात असतात, आणि ते यंत्र ज्याच्या हाती, त्याला दोन्ही उघडता येण्याचा संभव असतो. कंपन्यांच्या बाबतीत २०१३ च्या कायद्याने नोंदणीकृत बाजारातील कंपन्यांना आणि १००० किंवा अधिक भागधारक असलेल्या कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक मतदानाची सोय ठेवण्यास सांगितले, पण त्याबरोबर त्रयस्थ यंत्रणा आणि स्वतंत्र तपासनीसही सांगितला. विद्यमान चिटणिसाच्या भाच्याने तयार केलेल्या ॲपवर निवडणूक घेणाऱ्या संस्थेने हा उत्तरार्ध वाचलेला नसतो. वृद्ध सभासदांसाठी कागदी मतपत्रिका आणखी काही वर्षे ठेवणे हाही सौजन्याचा नव्हे, हक्काचाच भाग आहे.

पैशाचा प्रश्न सर्वांत अवघड. आपल्याकडील संस्थांनी आजीव सभासदत्वाची वर्गणी एकदाच घेतली, ती इमारतीत घातली, आणि त्या सभासदाला जन्मभर अंक पाठविण्याची जबाबदारी पत्करली. ज्याने १९८५ साली काही शे रुपये भरले, त्याला आज पाठविण्याच्या टपालाचा खर्चच त्या व्याजातून निघत नाही. नियतकालिकाच्या विक्रीवर भिस्त ठेवणाऱ्या परदेशी संस्थांनाही हा पेच पडला. संगणकशास्त्रज्ञांची अमेरिकेतील जुनी संस्था, असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी, १९४७ सालची. तिच्या ग्रंथसंग्रहाचे शुल्क हे तिचे मोठे उत्पन्न. तरीही तिने २०२२ साली १९५१ ते २००० या काळातील आपले प्रकाशित साहित्य सर्वांना मोफत खुले केले, आणि जानेवारी २०२६ पासून सारे संशोधनसाहित्य खुले ठेवण्याचे धोरण स्वीकारले. खर्चाचा भार वाचकांवरून काढून ज्यांचे संशोधक लिहितात त्या विद्यापीठांवर टाकला. आपल्या छोट्या संस्थांना हे जसेच्या तसे करता येणार नाही. पण जुने अंक कुलुपात ठेवून त्यांच्या विक्रीची वाट पाहत बसण्यात काय अर्थ आहे? वर्गणीविषयी मात्र एवढे करता येईल की नव्या सभासदाकडून एकरकमी रक्कम न मागता मोबाईलवरून लहान हप्त्याने घ्यावी. पंचविशीच्या तरुणाला जन्मभराचे नाते जोडण्यापेक्षा वर्षभराचे नाते जोडणे सोपे जाते.

पुन्हा बंगळूरकडे वळल्यास असे दिसते की, पटाशिवाय चालणाऱ्या मंडळींनाही एका मर्यादेपुढे पट लागतो. पायथॉन या संगणकभाषेच्या चाहत्यांचा गट तेथे बरीच वर्षे पत्रव्यवहारावर आणि गाठीभेटींवर चालत होता. २००९ साली भारतीय विज्ञान संस्थेत या भाषेची पहिली देशव्यापी परिषद भरविण्यात आली. परिषद म्हटली की सभागृह भाड्याने घ्यावे लागते, देणग्या स्वीकाराव्या लागतात, हिशेब द्यावा लागतो. या कामासाठी पायथॉन सॉफ्टवेअर सोसायटी ऑफ इंडिया ही रीतसर संस्था उभी राहिली. मोकळेपणाची आवड असलेल्या या तरुणांनी अखेर घटना, कार्यकारिणी आणि बँकेचे खाते हेच जुने मार्ग पत्करले. मात्र वाङ्मय आणि चर्चा यांना दार घातले नाही.

दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. कर्नाटकात आयटी कर्मचाऱ्यांचा एक संघ २०१७ साली स्थापन झाला. किटू या नावाने तो ओळखला जातो. ही कामगार संघटना होय, व्यवसायसंस्था नव्हे. तिचे काम वेगळे आणि तिच्या विरोधाची भाषाही वेगळी. २०२४ च्या जुलैमध्ये आयटी उद्योगात दिवसाकाठी १४ तासांपर्यंत काम करून घेता यावे असा प्रस्ताव कर्नाटकात पुढे आला, तेव्हा मजूर खात्याने संबंधितांची बैठक बोलावली. किटूने तो प्रस्ताव तेथे आणि बाहेरही विरोधिला. एचएसआर लेआउटमधील ज्या तरुणाचा दिवस आधीच रात्री नऊला संपतो, त्याच्या आयुष्याशी या प्रश्नाचा किती निकटचा संबंध होता हे सांगावयास नको. दहा-दहा हजार माणसे जमलेल्या गटांत त्या आठवड्यात या विषयावर भरपूर लिहिले गेले असेल. परंतु अशा बैठकीचे निमंत्रण कोणत्याही खात्याला नोंदणी क्रमांक आणि पत्ता पाहूनच धाडावे लागते, आणि शनिवारच्या मेळाव्याला या दोन्ही गोष्टी नसतात.